मराठी द्वीपवर्णनें

गेल्या पांच-सहा वर्षांत आमच्याकडील दिवाळी अंकांत एक नवा प्रकार स्थिरावला आहे. ज्या जागीं पूर्वीं युरोपच्या प्रवासाचें वर्णन असे, त्या जागीं आतां समुद्रपर्यटनाचें वर्णन येऊं लागलें आहे. मुंबईहून गोव्याकडे व लक्षद्वीपाकडे मोठ्या क्रूझ-जहाजाच्या सफरी २०२१ च्या सप्टेंबरांत सुरू झाल्या. अंदमानांत या बेटावरून त्या बेटावर बोटीनें जाणारा मराठी प्रवासी तर आतां इतका नित्याचा झाला आहे कीं, तेथील धक्क्यावर मराठी ऐकूं आली नाहीं तरच नवल वाटावें. हौस वाढली तसें लेखनही वाढलें. परंतु ह्या लेखनाचा वाङ्मय म्हणून विचार कोणी करीत नाहीं. दुपारीं आडवें होऊन वाचावयाचा मजकूर एवढीच त्याची किंमत धरली जाते. आम्हांस ही उपेक्षा मान्य नाहीं. ह्या लेखांच्या उणिवांमागें मराठी गद्याची एक जुनी उणीव उभी आहे, आणि तिच्याविषयीं स्पष्ट बोलणें जरूर आहे.

प्रथम हे लेख कसे असतात तें पाहूं. आरंभीं जहाजाचा आकार, त्याचे मजले, त्यावरील पोहण्याचा तलाव आणि नाटकगृह यांचें वर्णन येतें. त्यानंतर भोजनगृह येतें, व तें शेवटपर्यंत हटत नाहीं. मग एक सूर्यास्त. मग बेट: पाणी निळें, वाळू पांढरी, माडांची रांग. बेटावर चार तास गेले कीं परत जहाज, परत भोजनगृह. लेखक कित्येकदां चांगले असतात. त्यांची भाषा शुद्ध असते, विनोदबुद्धि असते, घरगुती गमतीजमती त्यांना छान साधतात. पण सबंध लेख वाचून झाल्यावर त्या बेटावर माणसें राहतात कीं नाहीं, याचा वाचकाला पत्ता लागत नाहीं. वर्णन लक्षद्वीपाचें आहे कीं मालदीवचें, हें मथळा झांकला तर ओळखूं येणार नाहीं. आम्हीं एका अंकांतील दोन लेखांवर हा प्रयोग वर्गांत करून पाहिला. विद्यार्थ्यांनीं दोन्हींचीं नांवें उलटीं सांगितलीं.

हा दोष ह्या लेखकांनीं नव्यानें निर्माण केलेला नाहीं. मराठी भाषेला समुद्रकिनारा मोठा लाभला, पण तिच्या काव्यांत समुद्र आला तो मुख्यतः भवसागर म्हणून आला. संतांच्या वाणींत नाव आहे, नावाडी आहे, पैलतीर आहे. पण तें सगळें रूपक आहे. खरा समुद्र, ज्यांत भरती-ओहोटी असते आणि ज्याच्या पाण्यानें कपडे खारट होतात, तो त्या वाणींत फारसा नाहीं. पुढें सिंधुबंदीनें उच्चवर्णीय लेखकाला समुद्रापासून दूरच ठेवलें, आणि लिहिणारा वर्ग बहुतेक तोच होता. अपवाद शोधावयाचा तर तो राज्यकारभाराच्या गद्यांत सांपडतो. सभासदाच्या बखरींत शिवाजीमहाराजांच्या आरमारांतील गुराबा, गलबतें, शिबाडें यांची गणना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजाला लांकूड कोठून आणावें हें सांगतांना आंबा-फणसासारखीं झाडें रयतेनें पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, त्यांना हात लावूं देऊं नये, असें तेथें बजावलें आहे. समुद्राविषयींच्या मराठी गद्याचा आम्हांस सर्वांत आवडणारा नमुना हाच. त्यांत लाटांचें वर्णन नाहीं. पण जहाज कशाचें होतें आणि तें कोणाच्या परसांतून येतें, याचें भान आहे. आजच्या द्वीपवर्णनांत नेमकें हें भान नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत सिंधुबंदी मोडली तेव्हां मराठींत समुद्रप्रवास आला. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ सालचा. तेव्हांपासून समुद्र म्हणजे मुंबई आणि विलायत यांच्या मधलें अंतर, अशी जी समजूत रूढ झाली ती दीर्घकाळ टिकली. समुद्र हा काढावयाचा काळ. खरा प्रवास बंदर आल्यावर सुरू होतो. ह्या समजुतीला तडा देणारें एक पुस्तक मराठींत आहे, आणि तें हौसेच्या प्रवासाचें नाहीं. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ (१९२७) मध्यें १९११ सालीं ‘महाराजा’ ह्या आगबोटीनें अंदमानाकडे झालेला प्रवास आहे. त्यांत समुद्राच्या शोभेला फारशी जागा नाहीं. जहाजाच्या पोटांत कोंडलेले बंदी, ती घुसमट आणि ती दुर्गंधी हाच तेथला प्रवास. पण जहाज म्हणजे काय वस्तु आहे, तिच्या वरच्या आणि खालच्या मजल्यांत काय अंतर असतें, हें त्या थोड्या पानांत जितकें कळतें तितकें नंतरच्या कोणत्याही प्रसन्न वर्णनांत कळत नाहीं. आज अंदमानास जाणारा मराठी प्रवासी सेल्युलर तुरुंग श्रद्धेनें पाहतो आणि दुसऱ्या दिवशीं हॅवलॉकला, म्हणजे २०१८ पासून ज्याचें नांव स्वराज द्वीप आहे त्या बेटाला, जातो. लेखांत पहिल्या दिवसाची भाषा गंभीर आणि दुसऱ्या दिवसाची उल्हसित असते. त्याच समुद्रानें एकाला कोंडलें आणि दुसऱ्याला मोकळें केलें, हा विचार मात्र दोन परिच्छेदांच्या मधल्या कोऱ्या जागेंत बुडून जातो.

पु. ल. देशपांडे यांचें ‘पूर्वरंग’ हें दुसरें उदाहरण. त्यांतील बाली बेट माणसांनीं गजबजलेलें आहे. पु. लं.नीं बेटाकडे निसर्गचित्र म्हणून न पाहतां तेथल्या नाचगाण्याकडे आणि नाचणाऱ्या-गाणाऱ्यांकडे पाहिलें, म्हणून तें बाली दुसऱ्या कोणत्याही बेटाच्या जागीं बसवितां येत नाहीं. त्यांच्या विनोदाचें अनुकरण पुष्कळांनीं केलें. ह्या नजरेचें करणारे थोडे.

येथें कोणी म्हणेल, चार तासांच्या मुक्कामांत माणसें कशीं भेटणार? इंग्रजींत स्टीव्हन्सननें दक्षिण समुद्रांतील बेटांवर लिहिलें खरें. पण तो १८८८ सालीं शिडाच्या जहाजानें निघाला, बेटाबेटांवर राहिला, शेवटीं सामोआंत घर करून १८९४ सालीं तेथेंच वारला. आठ दिवसांची रजा घेऊन निघालेल्या बँकेंतील अधिकाऱ्याला त्याच्या मापानें मोजणें अन्याय होईल. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि खुर्चींतून न्यावें लागणाऱ्या वडिलांना भर समुद्र दाखविण्याचें काम ह्या जहाजांनीं केलें, तें लहान नव्हे. चैनीचा आम्हांस तिटकारा नाहीं. परंतु चार तासांत एक प्रश्न विचारतां येतोच. आम्ही तो सुचवितों: येथें पिण्याचें पाणी कोठून येतें?

लक्षद्वीपांत हा प्रश्न विचारला तर सगळें बेट त्याच्या उत्तरांत येतें. हीं बेटें पोवळ्यांचीं आहेत. समुद्रांत बुडत गेलेल्या ज्वालामुखीच्या कांठावर पोवळ्याचे जीव वर वर बांधीत जातात आणि शेवटीं मध्यें उथळ पाणी व भोंवतीं कडें उरतें, अशी उपपत्ति डार्विननें १८४२ सालीं मांडली. लक्षद्वीपाच्या छत्तीस बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आहे, तर त्यांच्या खाजणांचें, म्हणजे कड्याआंतल्या पाण्याचें, क्षेत्र ४,२०० चौरस किलोमीटरांच्या आसपास. वस्ती दहाच बेटांवर. नदी नाहीं, डोंगर नाहीं. पावसाचें पाणी वाळूंत मुरतें आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकें म्हणून तरंगत राहतें; विहिरींत येतें तें हेंच. उपसा फार झाला कीं खालचें खारें पाणी वर सरकतें. म्हणून कवरत्ती येथें २००५ सालीं समुद्राच्या खोल थरांतलें थंड पाणी वापरून गोडें पाणी करण्याचा कारखाना उभारावा लागला. आतां जहाजावरील त्या पोहण्याच्या तलावाचें वर्णन पुन्हां वाचून पाहावें. तें एकाएकीं निराळें वाटूं लागतें, आणि त्यासाठीं लेखकाला उपदेशाचें एक वाक्यही लिहावें लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट. लक्षद्वीपांत मोठें जहाज उथळ खाजणांत शिरूं शकत नाहीं. तें बाहेर उभें राहतें आणि प्रवाशांना हेलकावणाऱ्या लहान होडींत उतरून किनाऱ्याला जावें लागतें. आमच्या लेखकांना हा प्रसंग फार आवडतो. ‘साहस’ हा शब्द तेथें हटकून येतो. पण त्यांच्याच आज्या जयगडला, विजयदुर्गला, मालवणला आगबोटींतून पडावांत अशाच उतरत होत्या. कडेवर मूल, डोक्यावर बोचकें, आणि पडाववाला हात धरून म्हणे, ‘लाट येऊं दे, आतां टाक पाय!’ कोंकणची बोट बंद पडून एक पिढी झाली, तोंच तिची स्मृति इतकी पुसली कीं तोच अनुभव आतां परदेशी खेळासारखा नवा वाटतो. त्या बोटींच्या काळांत समुद्र भीषणही होता. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. रायगड जिल्ह्यांतल्या कित्येक घरांत त्या दिवसाचें नांव अजून हलक्या आवाजांत निघतें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीकडे जाणाऱ्या बोटीला वेगानें आलेल्या नौदलाच्या बोटीची धडक बसून पुन्हां जीव गेले. द्वीपवर्णनांत ह्या गोष्टी याव्यातच असें नाहीं. पण समुद्र निरुपद्रवी आहे असें भासवूं तरी नये.

घारापुरीचा विषय निघालाच आहे, तर घरच्या बेटाबद्दल दोन शब्द. आम्ही राहतों त्या नव्या मुंबईच्या कांठावरून, बेलापूरच्या धक्क्यावर उभें राहिलें असतां, खाडीच्या तोंडापलीकडे घारापुरीचा डोंगर दिसतो. ह्या शहराच्या नकाशांत जलवाहतूक पहिल्यापासून होती. प्रत्यक्षांत लोहमार्ग आला, पूल आले, २०२४ सालीं साडेएकवीस किलोमीटरांहून लांब अटल सेतु आला, आणि पाणी हें ओलांडावयाचें अंतर ठरलें. २०२२ च्या फेब्रुवारींत बेलापूरहून ‘वॉटर टॅक्सी’ निघाली तेव्हां कित्येक नवी मुंबईकरांना आपण समुद्रकांठीं राहतों हें प्रथमच कळलें असावें.

घारापुरीवर मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे, पण बहुतेक सगळें लेण्यांवर. तें योग्यच आहे. त्या तीन मुखांच्या शिवमूर्तीपुढें उभें राहिल्यावर दुसरें सुचत नाहीं. तथापि त्या बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशीं तीन गांवें आहेत. लेणीं १९८७ सालीं जागतिक वारशांत गेलीं. त्यांच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसांच्या घरीं समुद्राखालून तार टाकून कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारींत. समोर मुंबईचे दिवे रात्रभर दिसत असतांना तीं गांवें काळोखांत होतीं, आणि पाहुणे संध्याकाळच्या बोटीनें परतत होते. वर्णनकारांचा दिवस मावळतीला संपे, म्हणून त्यांच्या लेखांत तो काळोख आला नाहीं. आमच्या मतें ह्या एका गोष्टींत मराठी द्वीपवर्णनाची मर्यादा पुरती दिसते.

जहाजावरही हेंच घडतें. तेथें खोल्या झाडणारे, ताटें मांडणारे, यंत्रघरांत घाम गाळणारे यांत गोव्याचीं आणि कोंकणांतलीं मुलें असतात. गोव्यांत अशा दर्यावर्दी नोकरांना ‘तारवटी’ असें स्वतंत्र नांव आहे; कित्येक गांवांतलीं घरें त्यांच्या मनिऑर्डरींवर उभीं राहिलीं. २०२० च्या एप्रिलांत टाळेबंदीच्या दिवसांत एक विलायती पर्यटन-जहाज मुंबईसमोर उभें होतें, आणि त्यावरील भारतीय नोकरांना स्वतःचें शहर समोर दिसत असतां परवानगी येईपर्यंत उतरतां येईना. अशा माणसाशीं आमचा लेखक आठ दिवस बोलतो तें फक्त चहा मागण्यापुरतें. एका भगिनींच्या लेखांत त्यांची खोली आवरणाऱ्या वेंगुर्ल्याच्या मुलानें आठवणीनें मालवणी आमटीची चौकशी केल्याचा ओझरता उल्लेख आहे. साऱ्या लेखांत तेवढें एक वाक्य जिवंत होतें. बाईंनीं तेथें थांबावयास हवें होतें. त्या पुढें सूर्यास्ताकडे वळल्या.

शब्दांची दरिद्रताही येथूनच येते. ‘आयलंड हॉपिंग’ ह्या शब्दाला मराठी शब्द नाहीं अशी तक्रार आम्हीं ऐकली आहे. तो नसला तर कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें हें कीं, उधाण आणि भांग, मतलई आणि खारा वारा, नाळ, डोलकाठी, तांडेल हे शब्द असतांना आमच्या वर्णनांत ‘लाटा’ आणि ‘वारा’ एवढेच दोन उरले आहेत. भांगाच्या दिवशीं खाडी सुस्त असते आणि उधाणाला तेंच पाणी साडेचार मीटरांच्या आसपास चढतें, हें बेलापूरजवळच्या दिवाळें गांवांतला कोळ्याचा दहा वर्षांचा मुलगा सांगेल. आमच्या पदवीधराला तें पंचांगांत पाहूनही कळत नाहीं. शहरानें ह्या कोळीवाड्यांना चहूंकडून वेढलें, भराव घातले, मासे दूर गेले. बोटी कमी झाल्या कीं बोटीचे शब्दही जातील, आणि मग ते कोशांत शोधावे लागतील.

दिवाळी अंकांच्या संपादकांस आमची एक सूचना आहे. पुढल्या वर्षीं समुद्रपर्यटनाचे चार लेख येतील त्यांतले तीन खुशाल छापावे. चौथ्याची जागा एखाद्या तांडेलाला किंवा रजेवर घरीं आलेल्या तारवट्याला द्यावी. त्याला लिहितां येत नसेल तर तो सांगेल तें कोणी तरी उतरून घ्यावें. छापतांना त्याची भाषा सुधारूं नये.