‘सत्तांतर’: वानरांची गोष्ट की माणसांची?

पर्यावरणाचा अभ्यास म्हटलं की आपण मोजमापाकडे वळतो. मानव्यविद्या त्याच्या आधीचा प्रश्न विचारतात: प्राण्यांबद्दल आपण कोणत्या शब्दांत विचार करतो, आणि त्या शब्दांमुळे काय दिसेनासं होतं? व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी या प्रश्नासाठी वाचा. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

वानरांच्या टोळीवर एका नराचा अंमल असतो. बाहेरचा नर त्याला हुसकावतो, पिल्लं मारली जातात. अनेक वाचक याकडे राजकारणाचं रूपक म्हणून पाहतात. हे वाचन चूक नाही, पण अपुरं आहे. त्यात वानर म्हणजे नुसते मुखवटे उरतात.

प्रत्यक्षात असं घडतं. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात आपल्याच कर्नाटकातल्या धारवाडजवळ ते नोंदवलं. सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवरच्या १९७७ च्या पुस्तकात कारण मांडलं: पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश वाढतो. विरोधकांच्या मते हे माणसांच्या सान्निध्यामुळे आणि गर्दीमुळे बिघडलेलं वर्तन होतं.

आता शब्द पाहा. शास्त्रज्ञही ‘टेकओव्हर’, ‘हरेम’ असंच लिहीत होते. म्हणजे राजवाड्याची भाषा कादंबरीच्या आधीच विज्ञानात शिरली होती. त्यामुळे मानवीकरणाचा दोष एकट्या माडगूळकरांवर टाकता येत नाही. उलट, पंचतंत्रासारखं तात्पर्य न सांगता त्यांनी रानातली हिंसा रानातच राहू दिली, हे या कादंबरीचं बळ आहे.

मर्यादा शीर्षकात आहे. ‘सत्तांतर’ म्हटलं की नजर गादीवरच्या नराकडे जाते. हर्डींनी मात्र माद्यांकडे लक्ष वेधलं: त्या मिळून हल्लेखोराला अडवतात, अनेक नरांशी संग करून पितृत्व संदिग्ध ठेवतात. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ही गोष्ट गादीची नाही, पिल्लं जगवण्याची आहे.

हा नुसता साहित्याचा वाद नाही. आम्ही महादेवपुऱ्यात राहतो. बेंगळुरूत दिसतं ते वानर नव्हे, टोपीमाकड; त्याच्या एका टोळीत अनेक प्रौढ नर असतात, म्हणून ‘एक राजा, एक गादी’ हे चित्र त्याला लागूच पडत नाही. तरी ‘टोळी’ म्हणताच आपल्याला दरोडेखोर आठवतात, आणि ‘उपद्रव’ म्हटलं की ‘पकडून दूर सोडा’ हाच उपाय सुचतो. झाडं तोडून इमारती कोणी उभारल्या, हा प्रश्न मागे पडतो.

स्वाध्याय
१. कादंबरीतला एक प्रसंग मादीच्या बाजूनं दहा ओळींत लिहा.
२. तुमच्या परिसरातल्या प्राण्यांबद्दलची एक सूचना किंवा बातमी घ्या. तिच्यातले माणसांच्या जगातून आलेले शब्द अधोरेखित करा. ते बदलले तर उपाय बदलतो का, ते लिहा.