रवीन्द्रनाथांचीं चित्रें

रवीन्द्रनाथांचीं चित्रें कवीच्या कीर्तीवर तरलीं, हा आक्षेप आम्हांस अर्धाच मान्य आहे. १९२४ सालीं ‘पूरबी’च्या हस्तलिखितांत खोडलेले शब्द रेघांनीं जोडतां जोडतां विचित्र पशुपक्षी उमटले; त्यांत गंमत आहे, त्याहून अधिक नाहीं. १९३० मध्यें पॅरिसला पहिलें प्रदर्शन भरलें, तेव्हां हा हौशी चित्रकार सत्तरीला टेकला होता. परंतु शाईच्या काळोखांतून आपणांकडे पाहणारीं जीं स्त्रीमुखें त्यांनीं मागाहून रंगविलीं, त्यांपुढें आम्ही थबकतों. रेखाटन येथेंही सदोष, नाकडोळे प्रमाणाबाहेर. आमच्या ड्रॉइंगमास्तरांनीं तें खासच पुसावयास लावलें असतें! पण खाडाखोड झांकण्यासाठीं निघालेल्या त्या रेघेला येथें झांकावयास कांहीं उरलेलें नाहीं; ती मुखावरील दुःखापाशीं येते आणि सजावट न करतां थांबते.