एक अक्षर, तीन नोंदी

ग्रीक भाषेतला ‘लोगोस’ हा पाच अक्षरांचा शब्द. त्यातल्या पहिल्या ओमिक्रॉनवर एक तिरकी रेघ असते. हा शब्द आम्ही संगणकावर तीन प्रकारे लिहिला. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसले. पण ‘हे शब्द एकच आहेत का?’ असे एका साध्या प्रोग्रामला विचारताच त्याने नकार दिला. डोळ्यांना जे एक, ते यंत्राला तीन का वाटावे?

संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही, क्रमांक कळतो. जगातल्या लिप्यांना असे क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. तिच्यात या रेघेसह ओमिक्रॉनचा क्रमांक ९७२ आहे, आणि ८०५७ही आहे. शिवाय साधा ओमिक्रॉन (९५९) आणि त्यापुढे सुटी रेघ (७६९) असेही लिहिता येते.

याचे मूळ इतिहासात आहे. प्राचीन ग्रीकमध्ये स्वराची उंची अर्थाला महत्त्वाची होती. ती दाखवणाऱ्या खुणा इ.स.पू. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी योजल्या, असे मानतात. चढ्या स्वराची ‘ऑक्सिया’, उतरत्याची ‘वारिया’, चढून उतरणाऱ्याची ‘पेरिस्पोमेनी’. शिवाय शब्दारंभी ‘ह’ आहे की नाही हे सांगणाऱ्या दोन खुणा. पुढे उच्चारातले हे भेद लोपले, खुणा मात्र राहिल्या. १९८२ मध्ये ग्रीसने सर्व आघातांसाठी ‘तोनोस’ ही एकच खूण ठरवली. आधुनिक ग्रीकच्या संकेतावलीतून तोनोसची अक्षरे युनिकोडमध्ये आली. १९९३ च्या आवृत्तीत प्राचीन ग्रंथांसाठी खुणांसह तयार अक्षरांचा वेगळा गट आला, त्यात ऑक्सियाची अक्षरेही होती. एकाच रेघेला दोन नावे, म्हणून एका अक्षराला दोन क्रमांक!

युनिकोडकर्त्यांनी ही चूक ओळखली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तिन्ही रूपे समान आहेत, असे त्यांनी नियमाने जाहीर केले. ‘प्रमाणीकरण’ नावाची क्रिया केली, की तिन्हींचे ९७२ होते. तयार अक्षरे घेण्यालाही कारण होते. त्या काळच्या बऱ्याच यंत्रणांना सुटी खूण अक्षरावर नीट बसवता येत नसे.

तरीही आमचा आक्षेप उरतोच. समानता कागदावर आहे. ती अमलात आणणे प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोपवले आहे. तो विसरला, तर ग्रंथात असलेला शब्द शोधणाऱ्याला ‘नाही’ असे उत्तर मिळते. संशोधकाला चुकीचे उत्तर मिळाले तर संशय तरी येतो. ‘नाही’ या उत्तराचा संशय सहसा येत नाही. आणि एकदा दिलेला क्रमांक परत घ्यायचा नाही, असा दंडक असल्याने दुरुस्तीची वाटही बंद आहे. याहून जुनी ‘बीटा कोड’ ही पद्धत पाहा. प्राचीन ग्रीक साहित्याचा मोठा संग्रह तिच्यात साठवला गेला. तिच्यात आधी अक्षर, मग एकेक खूण. दिसायला ओबडधोबड, पण विचाराने स्वच्छ.

हे दुखणे फक्त ग्रीकचे नाही. ‘ॲसिड’मधला ‘ॲ’ घ्या. २००८ मध्ये त्याला २४१८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्याआधी तो ‘अ’ (२३०९) आणि चंद्र (२३७३) असा जोडून लिहीत, आजही काही जण लिहितात. तसे लिहू नये, अशी युनिकोडची शिफारस आहे; पण ही दोन रूपे समान आहेत, असे मात्र ते मानत नाही. म्हणजे प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. ग्रीकला मिळालेला उतारा इथे मराठीला मिळालेला नाही.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. ‘ॲसिड’ दोन प्रकारे लिहून प्रत्येकात किती क्रमांक येतात ते मुलांना मोजायला सांगावे. एकात चार येतील, दुसऱ्यात पाच. दिसते तेच साठवले जाते, हा समज तिथेच गळून पडेल. मग संगणकाने ‘सापडले नाही’ म्हटले, की ‘तू नेमके काय शोधलेस?’ असे मुले उलट विचारू लागतील.