‘उप’ या उपसर्गाचे राजकारण : नांदेड-लातूरच्या नेतृत्वनिवडीची भाषा

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीच्या संदर्भात ‘रनिंग मेट’ असा जो शब्द योजला जातो, त्यास मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. कोणी ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ म्हणतो, कोणी ‘सहउमेदवार’; बहुतेक जण इंग्रजी शब्दच ठेवून देतात. मूळ शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. मुख्य घोड्याचा वेग राखण्यासाठी एकाच तबेल्यातील जो दुसरा घोडा सोबत धावे, त्याचे हे नाव. मराठीस असा शब्द नसणे हा तिचा दुबळेपणा नव्हे. तो व्यवहारच येथे नाही. महाराष्ट्रात जोडीदार आहे, पक्ष एकसंध राखण्याची निकडही आहे; परंतु हा जोडीदार मतदानानंतर अवतरतो, प्रमुखाने स्वतः निवडलेला क्वचितच असतो, आणि बहुधा दुसऱ्याच तबेल्यातून येतो. या व्यवहाराची भाषा तपासण्यास नांदेड व लातूर ही क्षेत्रे विशेष अनुकूल होत. नांदेडच्या राजकारणातून शंकरराव चव्हाण व अशोक चव्हाण, आणि लातूर जिल्ह्यातून शिवाजीराव पाटील निलंगेकर व विलासराव देशमुख असे चार मुख्यमंत्री राज्यास लाभले.

प्रथम ‘उप’ या उपसर्गाचा विचार केला पाहिजे. उपनगर, उपनदी, उपवन या शब्दांत सान्निध्य आणि गौणत्व हे दोन अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. पाणिनीने तर ‘उप’ हा ‘हीन’ आणि ‘अधिक’ अशा दोन्ही अर्थी कर्मप्रवचनीय मानला आहे. (विद्यापीठात वावरणाऱ्यांस या उपसर्गाची चंचलता नवी नाही. एके काळचे ‘उपकुलगुरू’ पुढे ‘कुलगुरू’ झाले; ‘उप’ गळाला, पद तेच राहिले.) ‘उपराष्ट्रपती’ हे पद संविधानाने निर्माण केले आहे, ‘उपमुख्यमंत्री’ हा शब्द मात्र संविधानात नाही. १९८९ साली देवीलाल यांनी शपथ घेताना ‘उपपंतप्रधान’ असा उच्चार केला, त्यावरून वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ते केवळ वर्णन ठरविले, आणि २०२४ साली उपमुख्यमंत्र्यांविषयीही तशीच भूमिका घेतली. विधीच्या दृष्टीने जो शब्द निव्वळ वर्णन आहे, त्याच्या आधाराने महाराष्ट्रात मंत्रिमंडळे उभी राहिली आहेत. म्हणून त्याचा अर्थ कोशात शोधण्यापेक्षा प्रयोगात शोधावा लागतो.

हा प्रयोग १९७८ साली सुरू झाला. दुभंगलेल्या काँग्रेसच्या दोन शाखांनी निवडणुकीनंतर हातमिळवणी केली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. हे सरकार त्याच वर्षीच्या जुलैत कोसळले. त्यानंतर आलेल्या शरद पवार यांच्या मंत्रिमंडळात बीड जिल्ह्यातील सुंदरराव सोळंके हे उपमुख्यमंत्री होते. १९८३ साली रामराव आदिक हे मुख्यमंत्र्यांच्याच पक्षाचे उपमुख्यमंत्री झाले, तो अपवाद. १९९५ साली मनोहर जोशी यांच्यासोबत गोपीनाथ मुंडे आले, तेव्हा रूढी पुन्हा पूर्ववत झाली.

लातूरच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९९९. जूनमध्ये काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध लढले आणि त्यांस अनुक्रमे ७५ व ५८ जागा मिळाल्या. ऑक्टोबरात विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि छगन भुजबळ उपमुख्यमंत्री झाले. येथे ‘उप’ म्हणजे हाताखालचा नव्हे; तो वाटेकरी आहे. शेतकऱ्यांच्या भाषेत याला नेमका शब्द सापडतो, तो ‘सावड’. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी नांगरणीपुरती जोडी जुळवितात, आणि काम होताच आपापला बैल आपापल्या गोठ्यात नेतात. एकसंध काँग्रेसची खूण १९६९ पर्यंत बैलजोडी होती, हे आठवले म्हणजे तीन दशकांनंतरची ही सावड अधिकच बोलकी वाटते.

२००४ साली मात्र पक्षाबाहेरच्या वाटणीइतकीच पक्षांतर्गत निवडही प्रश्नास्पद ठरली. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना निवडणूक लढविली गेली. राष्ट्रवादीस ७१ व काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिले, परंतु ते गेले विलासराव देशमुख यांच्याकडे. हे कोणी ठरविले? अशा प्रसंगीचे मराठी वाक्य ठरलेले असते : ‘नेतानिवडीचे सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात आले.’ ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्त्यास जागाच नाही. जेथे कर्ता येतो तेथे तो ‘पक्षश्रेष्ठींनी’ असा येतो. मराठीतील आदरार्थी बहुवचनामुळे हे श्रेष्ठी एक की अनेक, हे व्याकरणावरून कळण्यास मार्ग नाही. ज्या आमदारांच्या मतांवर निवड आधारलेली असावयाची, ते या वाक्यात अधिकार देणारे म्हणूनही दिसत नाहीत.

याउलट अमेरिकेतील प्राथमिक निवडणुकांत प्रतिस्पर्ध्यांनी परस्परांविषयी काढलेले उद्गार जाहीर असतात. १९८० साली रीगन यांनी बुश यांना सोबत घेतले तेव्हा कालचा विरोध गिळावा लागला, आणि तो गिळताना सर्वांनी पाहिला. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जोडीदार तेथेही मतदार निवडीत नाहीत. १९७६ साली याच रीगन यांनी अधिवेशनापूर्वीच श्वाइकर यांचे नाव जाहीर करून मते जोडण्याचा केलेला यत्न फसला. २०२४ साली तर हॅरिस स्वतःच प्राथमिक फेऱ्यांवाचून उमेदवार झाल्या. तथापि वॉल्झ यांना कोणी निवडले, या प्रश्नाचे उत्तर एका कर्तरी वाक्यात देता येते. येथे ते देता येत नाही.

डिसेंबर २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्यानंतर विलासराव देशमुख यांनी राजीनामा दिला. दिल्लीहून निरीक्षक आले. देशमुखांच्याच मंत्रिमंडळातील उद्योगमंत्री अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले, भुजबळ पुन्हा उपमुख्यमंत्री. नारायण राणे यांनी प्रथमपुरुषी कर्तरीत उघड विरोध केला. त्यांना ‘निलंबित करण्यात आले’. उरलेल्यांसाठी दोन शब्द पुरले, ‘नाराजी’ आणि ‘पुनर्वसन’. पहिल्याने धोरणाचा वा अधिकाराचा प्रत्येक मतभेद मनःस्थितीच्या सदरात ढकलला जातो. दुसरा तर लातुरात उच्चारताना जीभ अडखळावी असा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या जिल्ह्यात पद गेलेल्या पुढाऱ्याच्या सोयीस ‘पुनर्वसन’ म्हणणे ही अर्थविस्ताराची नव्हे, अर्थक्षयाची खूण होय.

या भाषेच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल. कर्ता झाकल्यामुळे पराभूताची अब्रू राहते आणि उद्या त्याच बैठकीत बसता येते. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्रिपद भूषविल्यानंतर पवारांच्या मंत्रिमंडळात मंत्री म्हणून बसले. अशोक चव्हाणही पुढे उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात होते. हा संयम थोडा नव्हे. परंतु जी स्पर्धा पक्षाच्या सभागृहात नावानिशी होत नाही, ती अन्यत्र तोंड काढते. जानेवारी २००९ मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला करण्याचा निर्णय होताच लातुरात आंदोलन उसळले. हा वाद केवळ दोन नेत्यांचा होता असे म्हणणे उथळपणाचे होईल, कारण कार्यालय कोणत्या गावी असावे ही नागरिकांची खरी अडचण असते. तरीही दोन घराण्यांत जो निवाडा कधी उघड मागितला गेला नाही, तो दोन शहरांनी रस्त्यावर मागितला, असा अर्थ त्यातून काढता येतो.

राजकीय मराठीत कर्ता पूर्णपणे लोपलेला मात्र नाही. तो पक्षांतराच्या वेळी प्रकट होतो. २०२२ साली माजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले, ते पक्षाच्या आदेशावरून. तेथे आदेश हाच कर्ता. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण यांच्यासंबंधीचे वाक्य मात्र निखळ कर्तरी अर्थाचे होते : त्यांनी काँग्रेस सोडली, त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत नांदेड आणि लातूर या दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या.