रोगगणनेतील छेद : रत्नागिरीचे उदाहरण

लोकसंख्याधिष्ठित रोगाभ्यासात अंशस्थानी रुग्ण असतात आणि छेदस्थानी लोकसंख्या. अभ्यासकांची सारी सावधगिरी बहुधा अंशाच्या वाट्यास येते. छेद जनगणनेच्या कोष्टकातून उचलला की काम भागले, असा समज रूढ आहे. रत्नागिरी जिल्ह्यापुरता तरी हा समज टिकणारा नाही.

२००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. दहा वर्षांत ८१,७०८ माणसे घटली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. या आकड्यांमागे मुंबईची वाट आहे. गिरण्यांच्या काळापासून कर्ता पुरुष चाकरमानी झाला. घर, शेती व मनीऑर्डर सांभाळीत बायका आणि म्हातारी माणसे गावी राहिली. मधले वय कोरून काढलेली अशी ही लोकसंख्या होय, आणि कर्करोग व अंधत्व ही दोन्ही वयाबरोबर वाढणारी.

एक कल्पित हिशेब घेऊ. साठीच्या आतील लोकांत लाखामागे ५० आणि साठीपुढील लोकांत ४०० रुग्ण, असे प्रमाण दोन्ही जिल्ह्यांत सारखेच माना. पहिल्यात वृद्ध शेकडा १०, दुसऱ्यात २०. पहिल्याचा अशोधित दर ८५ येतो, दुसऱ्याचा १२०. रोगाचे कारण कोठेही बळावलेले नाही. केवळ तरुण निघून गेले आहेत.

यावर वयोमान-समायोजित दराचा उपाय सर्वमान्य आहे. परंतु त्याचीही एक किंमत असते, ती क्वचितच सांगितली जाते. समायोजनासाठी बहुधा वापरली जाणारी आदर्श लोकसंख्या जपानी संशोधक सेगी यांनी सुचविलेली व पुढे डॉल यांनी १९६६ च्या सुमारास सुधारलेली आहे. तीत साठीपुढील माणसे शेकडा ११ धरली आहेत. मिश्रीने व तंबाखूने होणारा मुखाचा कर्करोग मुंबईत अधिक की कोकणात, हे ठरविण्यास हा दर योग्यच. मात्र चिपळूणला खाटा किती हव्यात, या प्रश्नाचे उत्तर त्यातून काढणे ही शुद्ध चूक ठरेल. तेथे हवी ती प्रत्यक्ष रुग्णसंख्या.

अधिक बिकट प्रश्न निवासाचा आहे. मुंबईची कर्करोग-नोंदणी १९६३ पासून चालत आली. बार्शीची, देशातील पहिली ग्रामीण नोंदणी, १९८७ मध्ये सुरू झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाची नोंदणी टाटा स्मारक केंद्राने पुढे हाती घेतली. एक वर्षाचे वास्तव्य हा निवासाचा रूढ निकष. तीस वर्षे लालबागेत काढलेला गृहस्थ परळला निदान झाल्यावर गावी परततो व तेथेच मरण पावतो. निकषाप्रमाणे तो मुंबईचा. मृत्यूची नोंद मात्र गावची. उलट, संगमेश्वरची म्हातारी मुलाच्या पत्त्यावर मुंबईच्या रुग्णालयात नाव घालते, आणि कोणी खोदून विचारले नाही तर ती मुंबईची होऊन बसते. बार्शीत नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधीत. रुग्णालयाच्या कागदावरील पत्त्यावर विसंबणाऱ्या पद्धतीहून ती कितीतरी भरवशाची. कोकणात ती वाडीवाडीपर्यंत न्यावी लागेल, आणि डोंगरउतारावरील विखुरलेल्या वाड्या पाहता ते काम बार्शीच्या सपाटीवरील कामापेक्षा महाग पडेल.

नेत्ररोगाच्या पाहण्यांत हा दोष निराळे रूप घेतो. शीघ्र पाहणीत पन्नाशीपुढील माणसेच तपासतात. २०१५–१९ च्या राष्ट्रीय पाहणीत या वयोगटात अंधत्वाचे प्रमाण शेकडा १.९९ आढळले. याच काळात, २०१७ मध्ये, राष्ट्रीय कार्यक्रमाने अंधत्वाची व्याख्या ६/६० वरून ३/६० वर आणली होती. म्हणजे सहा मीटरांवरून बोटे मोजता न येणारा पूर्वी अंध गणला जाई, आता तीन मीटरांवरून मोजता न येणाराच तसा गणला जातो. जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करताना ही गोष्ट ध्यानी न ठेवणारा लेख वाचण्यायोग्य नाही. शिवाय ‘शस्त्रक्रिया का झाली नाही’ या रकान्यात ‘बरोबर येण्यास कोणी नाही’ हे कारण मोडते, त्याचा अर्थ रत्नागिरीत वेगळा आहे. तेथे तो डोळ्यांचा प्रश्न राहत नाही, स्थलांतराचा होतो. आणि मोतीबिंदू घेऊन बसलेली ती व्यक्ती बहुधा स्त्री असते.

वार्धक्याच्या अखिल भारतीय पाहणीची पहिली फेरी २०१७–१८ मध्ये झाली. तीत बहात्तर हजारांवर व्यक्तींचा समावेश होता. पण तिचे निष्कर्ष राज्यापर्यंतच उतरतात, जिल्ह्यापर्यंत नाहीत. २०२१ ची जनगणनाही त्या साली झाली नाही. परिणामी २०११ नंतरच्या प्रत्येक दराखालचा छेद अंदाजाने पुढे ओढलेला आहे, आणि घटत्या जिल्ह्यात तो अंदाज कोणत्या गृहीतावर बांधला, हे कोष्टकाच्या तळटिपेत लिहिलेले असावयास हवे.