पारा आणि पृष्ठक्रियाशील पदार्थ : रसायनशास्त्राच्या अध्यापनातील एका दुराव्याची समीक्षा

प्रस्तावना : १९२२ मध्ये यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी ठिबकणाऱ्या पाऱ्याचे विद्युतअग्र वापरून पोलरोग्राफी ही पद्धती विकसित केली. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी हेरॉव्हस्की यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर अध्यापनात ही पद्धती पुढे रुळली; तिच्यामागील पृष्ठरसायन मात्र बहुधा उपेक्षित राहिले.

विवेचन : पाऱ्याच्या प्रत्येक थेंबाबरोबर नवा, स्वच्छ पृष्ठभाग मिळतो, हे या पद्धतीचे बळ होय. तिचा दोषही त्याच पृष्ठभागात आहे. थेंबाच्या निरनिराळ्या भागांवरील पृष्ठताण सारखा नसल्यास पृष्ठभाग सरकतो व लगतचे द्रावण प्रवाही होते. केवळ विसरणाने पोहोचतील त्याहून अधिक आयन थेंबापाशी येतात आणि आलेखात विद्युतप्रवाहाचे फसवे शिखर उमटते. जिलेटिन किंवा ट्रायटन एक्स-१०० यांसारखे पृष्ठक्रियाशील पदार्थ अल्प प्रमाणात पाऱ्यावर अधिशोषित होऊन ही हालचाल थोपवितात. प्रमाण वाढल्यास खरा विसरणप्रवाहही घटतो.

प्रचलित पाठ्यपुस्तकांत या साऱ्याची बोळवण बहुधा 'जिलेटिनचे द्रावण घालावे' एवढ्या सूचनेत होते. पृष्ठताण एका प्रकरणात, पोलरोग्राफी दुसऱ्या. परिणामी कारणमीमांसेची जागा पाककृती घेते. इल्कोविच समीकरणात पृष्ठताण प्रत्यक्ष दिसत नाही, तरी थेंबाचा कालावधी त्यावरच अवलंबून असतो. कालावधीचा घातांक १/६ असल्याने, अन्य घटक स्थिर असता, तो निम्मा झाला तरी प्रवाह सुमारे ११ टक्केच घटतो. हा दुवा वर्गात क्वचितच उलगडला जातो.

आता प्रश्न अधिक निकडीचा आहे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे २०१३ मध्ये मिनामाता करार स्वीकारला गेला. भारताने तो २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. प्रयोगशाळेतून पारा हद्दपार होणे इष्टच आहे. परंतु उपकरण गेले आणि प्रकरण पाठांतरापुरते उरले, तर विद्यार्थ्याच्या हाती ना प्रयोग लागेल, ना संकल्पना.

निष्कर्ष : पाऱ्याविना हे तत्त्व शिकविता येते. पाण्यावर मिरपूड भुरभुरवून मध्यभागी साबणद्रावणाचा एक थेंब सोडताच पृष्ठताणातील फरकाने उद्भवणारा प्रवाह डोळ्यांना दिसतो. तेथून पाऱ्याच्या थेंबाकडे वळल्यास जिलेटिनचे प्रयोजन आपोआप स्पष्ट होईल. पारा इतिहासजमा व्हावा. त्याने शिकविलेले पृष्ठरसायन मात्र अभ्यासक्रमात टिकावे.