परका प्रेक्षक, जवळचा प्रेक्षक : 'गाभ्रीचा पाऊस'च्या निमित्ताने

भारतीय चित्रपटांविषयी युरोपीय प्रेक्षक-समीक्षक जी मते मांडतो, त्यांच्याकडे मराठी समीक्षा सहसा दोन टोकांवरून पाहत आली आहे. एक तर ती प्रशस्तिपत्र म्हणून मिरवली जातात, नाही तर परक्याला आपले जगणे काय कळणार, असे म्हणून झटकली जातात. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात झालेला गौरव मराठीत वारंवार सांगितला जातो. त्या गौरवामागे कोणती दृष्टी होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दोन्ही भूमिकांत परक्याचे मत हे मत म्हणून तपासण्याचे टाळलेले असते. सतीश मनवर दिग्दर्शित 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) हा चित्रपट अशा तपासणीसाठी विशेष उपयुक्त आहे. त्याचा विषय वऱ्हाडातील शेतकऱ्याचा, भाषा वऱ्हाडी, आणि त्याचे पहिले प्रेक्षक मात्र नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या महोत्सवातले.

युरोपीय ग्रहणाचे एक स्थिर वळण १९५६ सालीच स्पष्ट झाले होते. त्या वर्षी कान महोत्सवात 'पथेर पांचाली'ला पारितोषिक मिळाले ते 'सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज' म्हणून. 'दस्तऐवज' हा शब्द येथे निर्णायक आहे. दस्तऐवज घडतो, रचला जात नाही; त्याला कर्ता असतो, पण शैली नसते. दूरच्या देशातील दारिद्र्याचे चित्रण ही कलाकृती न राहता साक्ष ठरते आणि प्रेक्षक रसिक न राहता साक्षीदार होतो. हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेली 'अपेक्षाक्षितिजा'ची संकल्पना येथे उपयोगी पडते. इटालियन नववास्तववादाने घडवलेल्या क्षितिजावर भारतीय खेडे उगवले ते आधीच ठरलेल्या आकारात.

वऱ्हाडाच्या बाबतीत या क्षितिजाला आणखी एक जुना थर आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा प्रदेश युरोपला प्रथम दिसला तो कापसाचा मुलूख म्हणून. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा अमरावती, अकोला, खामगाव ही नावे तिकडच्या व्यापारी पत्रव्यवहारात रुळली. १८७० साली लायल यांनी सिद्ध केलेले बेरारचे गॅझेटियर हाही एक 'दस्तऐवज'च होता. पुढे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. त्या सुमारास हा प्रदेश देशी-विदेशी वृत्तमाध्यमांत पुन्हा दिसू लागला, तो आत्महत्यांचा मुलूख म्हणून. आधी गाठी, मग आकडे. 'गाभ्रीचा पाऊस' या दोन्ही प्रतिमांच्या पार्श्वभूमीवर पाहिला जातो.

परक्या ग्रहणातील पहिली हानी शीर्षकातच होते. 'गाभ्रीचा' हा वऱ्हाडी बोलीतला शिवीवजा शब्द. शिवी देण्यासाठी समोर कोणीतरी असावे लागते. पावसाला शिवी देणारा शेतकरी त्याला माणसांत ओढतो, त्याच्याशी भांडणाचे नाते जोडतो. इंग्रजी शीर्षकात हा पाऊस 'द डॅम्ड रेन' होतो. त्या विशेषणामागे नरकदंडाची ख्रिस्ती कल्पना उभी आहे. वऱ्हाडीत जे भांडण आहे, ते इंग्रजीत शाप होते. जिथे संताप आहे, तिथे दैव येऊन बसते. उपशीर्षकांच्या पट्टीत वऱ्हाडी आणि प्रमाण मराठी यांतला भेदही पुसला जातो. ज्या प्रेक्षकापर्यंत बोली पोहोचत नाही, त्याच्यापर्यंत तिच्यातला विनोदही पोहोचत नाही, आणि हा चित्रपट बराचसा त्या विनोदावर उभा आहे. तो वगळला की उरते ती केवळ करुणा. ती दस्तऐवजाला पुरते, कलाकृतीला पुरत नाही.

येथवरचा युक्तिवाद देशीवादी भूमिकेला सहज मान्य होईल. अडचण यापुढे सुरू होते. अमरावती-अकोल्याचा प्रेक्षक या चित्रपटाकडे कसा पाहतो? त्याचा पहिला निकष अस्सलतेचा असतो: बोली बरोबर आहे का, नटांच्या तोंडी ती शोभते का, शेत आपल्याकडच्यासारखे दिसते का. 'हुबेहूब' हे त्याचे सर्वोच्च प्रशंसापद. पण 'हुबेहूब' म्हणजे तरी काय? तोही दस्तऐवजाचाच निकष आहे. परका प्रेक्षक चित्रपटाला साक्ष मानतो, कारण तो जग ओळखत नाही. जवळचा प्रेक्षक त्याला साक्ष मानतो, कारण तो ते फार ओळखतो. एकाकडे अंतर जास्त, दुसऱ्याकडे कमी. रचना मात्र दोघांच्याही नजरेतून निसटते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसमध्ये 'ओरिझोन्ती' विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले. त्यातील मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी यांची सामाजिक उतरंड परक्याला ऐकू येणे कठीण. पण स्थिर चौकटीत गोठलेली न्यायसंस्था, जी सवयीमुळे आपल्याला दिसेनाशी होते, ती त्याला स्पष्ट दिसू शकते. अपरिचय ही नेहमीच उणीव नसते.

'गाभ्रीचा पाऊस'चे मर्म असे की, हा पेच त्याच्या कथानकातच आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाला धास्ती वाटते की, आपला नवरा किसनाही तेच करील. ती त्याच्यावर पाळत ठेवते. मुलाला, सासूला त्या कामाला लावते. किसनाला याचा पत्ता नसतो. त्याची प्रत्येक साधी हालचाल तिच्या नजरेत संकेत बनते, आणि या चुकलेल्या अर्थनिर्णयातून चित्रपटाचा काळा विनोद निर्माण होतो. म्हणजे येथे सर्वांत जवळचा, सर्वांत प्रेमळ प्रेक्षकही चुकतो. अलका किसनाकडे पाहते तेव्हा तिला किसना दिसत नाही. तिला संभाव्य मृत दिसतो. वृत्तपत्रीय आकडा घरात शिरून नवऱ्याच्या जागी बसलेला असतो. दिग्दर्शकाने 'आत्महत्याग्रस्त' या विशेषणाखाली माणूस कसा झाकला जातो हे दाखवले आहे. तसे पाहणारा प्रेक्षक रॉटरडॅमचा आहे की अकोल्याचा, हा प्रश्न मग गौण ठरतो.

दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला तेव्हा त्यांच्या मनश्चक्षूंसमोर कृष्ण आणि राम उभे राहिले, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. ते काटेकोर ग्रहण नव्हते. परंतु त्या 'चुकी'तूनच 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आणि भारतीय चित्रपटाचा आरंभ झाला. परक्या कलाकृतीत स्वतःचे जग पाहण्याचा अधिकार मराठी प्रेक्षकाने असा आरंभीच बजावला आहे. युरोपीय प्रेक्षकाला तो नाकारणे तर्काला धरून होणार नाही. आक्षेप घ्यायचा तो त्याच्या परकेपणावर नव्हे, तर शोध न घेता थांबलेल्या त्याच्या ग्रहणावर. आणि तो घेताना 'आपलेच आहे, म्हणून कळलेच आहे' ही समजूतही त्याच कसोटीवर घासून घ्यावी लागेल. किसनाला करुणेची किंवा ओळखीची जेवढी गरज आहे, त्याहून अधिक गरज नीट पाहिले जाण्याची आहे.